पहिलीचे पहिले सत्र आणि आपला भाषावाद

दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वी पहिलीच्या वर्गाचा सत्रअखेरचा अहवाल भरावा लागतो. मूल किती अक्षरे ओळखते, कितीपर्यंत मोजते, स्वतःचे नाव लिहिते का, नियमित येते का, असे त्याचे रकाने. हे रकाने भरण्यात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली. अलीकडे मात्र ते भरताना हात अडतो. जूनपासून दिवाळीपर्यंत त्या सहा वर्षांच्या जीवाने जे सर्वांत मोठे काम केलेले असते, त्यासाठी अहवालात रकानाच नाही. ते काम म्हणजे घरच्या बोलण्यातून पुस्तकाच्या भाषेपर्यंत चालत येणे.

भाषेच्या प्रश्नावर या पानावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि आमच्या समितीच्या वतीने मीही त्यात थोडी भर घातली आहे. राजभाषा, माध्यम, अनुदान हे शब्द आता वाचकांना पाठ झाले असतील. पण हा सगळा वाद शेवटी ज्याच्या पाटीवर येऊन ठेपतो, त्या पहिलीतल्या मुलाच्या पहिल्या चार-पाच महिन्यांविषयी आपण फारसे बोलत नाही. २०२५ साली महाराष्ट्रात या विषयाला तोंड फुटले, तेही उलट्या बाजूने. १६ एप्रिलच्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. १७ जूनला त्यातली सक्ती शब्दाने सैल झाली आणि जनमताच्या रेट्यापुढे २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमावी लागली. त्या दोन-अडीच महिन्यांत हिंदी हवी की नको यावर रान उठले. सहा वर्षांच्या मुलाला तिसरी भाषा झेपेल का, हेही अनेकांनी विचारले. पण पहिली भाषा तरी त्याला कशी मिळते, हे विचारणारे थोडेच निघाले.

मी लिहिते आहे ते कारापूरच्या अनुभवावरून. डिचोली तालुक्यातले हे गाव अनेक वाचकांना ठाऊक असेल ते त्रिपुरारी पौर्णिमेमुळे. वाळवंटी नदीच्या एका तीरावर साखळी, दुसऱ्या तीरावर विठ्ठलापूर-कारापूर, आणि त्या रात्री नदीत सोडलेल्या दिव्यांच्या नौका पाहायला लोटलेली गर्दी. देवळात भजन मराठी, पत्रिका मराठी, नाटक मराठी, जत्रेचा फलक मराठी. आणि घरात, अंगणात, तिस्कावरच्या दुकानात बोलणे कोंकणी. माझ्या पिढीला यात कधी विसंगती वाटली नाही. गोव्याच्या या भागात, डिचोलीत काय नि पेडण्यात काय, माणूस पिढ्यान्‌पिढ्या एकीत बोलत आणि दुसरीत वाचत आला. मुक्तीनंतर १९६३ पासून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने वाडीवाडीवर प्राथमिक शाळा काढल्या, त्या मराठीच्या काढल्या, आणि लोकांनी त्या आपल्या मानल्या. घरच्या बोलण्याला कोणी बोली म्हणेल, कोणी स्वतंत्र भाषा म्हणेल. १९८७ च्या राजभाषा कायद्याने आणि १९९२ साली आठव्या परिशिष्टातल्या समावेशाने त्याचा कायदेशीर निकाल लागलेला आहे. मला आज त्या वादात शिरायचे नाही. मी मराठीच्या बाजूची आहे, हे वाचक जाणतातच. पण वर्गात बसल्यावर बाजू उपयोगी पडत नाही. तिथे समोर एक मूल असते आणि ते म्हणत असते, "म्हाका उदक जाय."

या तीन शब्दांत आमचा सगळा प्रश्न आला. मूल पाणी मागते आहे. पलीकडे दोडामार्गाच्या जिल्हा परिषद शाळेत घाटावरून बदलून आलेले गुरुजी पहिल्याच आठवड्यात असेच काही ऐकतात. "माका" त्यांना अंदाजाने कळते, पण "जाय" ऐकले की त्यांना वाटते पोराला कुठेतरी जायचे आहे. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकाने अशा मुलाला खरोखरच दाराकडे बोट दाखवून बाहेर पाठवले होते. ते मूल व्हरांड्यात तहानलेलेच उभे राहिले. पुढे ते शिक्षक बोली उत्तम शिकले, पण ते पोर मात्र नंतर बरेच दिवस काही मागेना. दोष कोणाचा? गुरुजींचा नाही, मुलाचा तर नाहीच. अशा वेळी काय करायचे हे प्रशिक्षणात कोणी सांगितलेले नसते. मी स्वतः शिक्षणशास्त्राची पदवी घेतली, तेव्हा मातृभाषेतून शिक्षण या विषयावर पानेच्या पाने लिहून गुण मिळवले. पण मुलाची भाषा आणि पुस्तकाची भाषा यांत हातभर अंतर असले तर पहिल्या दिवशी काय बोलावे, यावर एक ओळही शिकल्याचे आठवत नाही.

आता पहिल्या सत्रात प्रत्यक्ष काय घडते ते सांगते. जूनचे पहिले दोन आठवडे रडण्यात, छत्र्या हरवण्यात आणि रांगेत उभे राहण्यात जातात. ते वाया गेले असे पालकांना वाटते, पण आपली पाळी येईपर्यंत थांबणे हे मुलाच्या आयुष्यातले मोठे शिक्षण आहे. मग रेघा, गोल, उभे-आडवे गिरवणे. ज्या मुलाने मातीत, तांदळात, कणकेत हात घातलेला असतो त्याची बोटे लवकर वळतात. ज्याच्या हातात केवळ मोबाइल होता त्याची पेन्सिल कागद फाडते. गणिताचेही तसेच. घरी पाहुण्यांसमोर एक ते शंभर घडाघडा म्हणून दाखवणारा मुलगा माझ्याकडे येतो, आणि काजूच्या बियांच्या ढिगातून "पाच दे" म्हटले की मूठभर देतो. एका बीवर एकच बोट, एक बोट म्हणजे एकच शब्द, आणि शेवटचा शब्द म्हणजे सगळ्या बियांची संख्या, हे कळायला चतुर्थी उजाडते. तो "णव, धा" म्हणतो की "नऊ, दहा", याने बियांच्या संख्येत काडीचा फरक पडत नाही. संख्या कळली की शब्द आठवडाभरात बदलतो. उलट क्रमाने मात्र काही साधत नाही.

भाषेत हे जास्त नाजूक असते. आपली जुनी अंकलिपी आठवा: ई ईडलिंबाची, ए एडक्याचा, ऐ ऐरणीचा, ख खटाऱ्याचा. कारापूरच्या मुलाने ट्रक पाहिलेले आहेत, खटारा पाहिलेला नाही, आणि एडका तर मीही आयुष्यात एकदाच पाहिला. चित्र दाखवून "क कुणाचा?" विचारले की उत्तर येते, "सुण्याचो." चित्र कुत्र्याचे आहे आणि मुलाच्या घरी त्याला सुणें म्हणतात. उत्तर बरोबर, अक्षर चूक. या जागी बाईच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते मूल वाचते. अक्षरे वाचायला शिकण्याच्या कितीतरी आधी ते चेहरे वाचायला शिकलेले असते.

सर्वांत बोलके उदाहरण आंब्याचे. फळ्यावर मी "आंबा" लिहिते. मूल बोट ठेवून वाचते, "आंबो." वर्षानुवर्षे मी यावर "चूक, पुन्हा वाच" म्हणत आले. एकदा एका मुलीने माझ्याकडे असे पाहिले की मीच थबकले. काना आणि काना-मात्रा यांतला फरक तिला कळत नव्हता असे नव्हते. दुसऱ्या शब्दांत ती काना बरोबर वाचत होती. तिने "आं" ओळखले, "ब" ओळखला, शब्द कशाविषयी आहे ते तिच्या डोक्यात लखकन आले, आणि तोंडातून तिच्या घरचा शब्द बाहेर पडला. म्हणजे ती अर्थ लावून वाचत होती. ज्याला आपण वाचन म्हणतो ते हेच. "आऽऽ काना आ, ब ला काना बा" असा घोष करणारा तिच्या शेजारचा मुलगा मात्र अचूक होता आणि त्याला शब्द आंब्याचा आहे याचा पत्ताही नव्हता. अहवालात त्याला चांगला शेरा आणि हिला मार्गदर्शनाची गरज! असे किती शेरे मी लिहिले असतील, देव जाणे.

त्यानंतर मी वर्गात एक साधी गोष्ट सुरू केली. फळ्याच्या एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुस्तकाचा. आंबो-आंबा, घोडो-घोडा, कोंबो-कोंबडा. थोड्याच दिवसांत मुलांनी स्वतःच शोध लावला की अनेक आंबे झाले की दोन्हीकडे "आंबे"च होतात, घोड्यांचेही तसेच. व्याकरणाच्या पुस्तकात जे मोठ्या इयत्तेत येते ते पहिलीच्या मुलांनी ओरडून सांगितले. दोन भाषा इतक्या जवळ असल्या की त्यांची तुलना हाच धडा होतो. मराठी शिकवताना कोंकणी शब्द फळ्यावर लिहिला म्हणून मराठीचे काही कमी झाले नाही. समितीतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हे रुचले नव्हते, हेही नमूद करते. "बाई, तुम्ही शत्रूच्या हाती कोलीत देता," असे ते म्हणाले. मी त्यांना एक दिवस वर्गात बोलावले. ते आले, मुलांशी तासभर बोलले. अर्थात कोंकणीतच बोलले, दुसऱ्या कशात बोलणार?

सत्राच्या मध्यावर चतुर्थीची सुट्टी येते. शहरी पालकांना ती अभ्यासातला खंड वाटते. माझ्या मते ती पहिलीच्या वर्षातली सर्वांत मोठी शाळा आहे. एका वर्षीचे सांगते. माझ्या वर्गात एक मुलगा जूनपासून जवळजवळ मुका होता. नाव विचारले की खाली पाही. चतुर्थीनंतर मी माटोळीचा विषय काढला: गणपतीच्या डोक्यावर काय काय बांधले होते? आणि हा पोर सुरू झाला. चिबूड, तोरंजन, आंबाडे, करमल, फागलां, कांगलां. कोणते फळ कुठल्या डोंगरावर मिळते, कोणते आजोबांनी आणले, कशाला हात लावायचा नाही, सगळे. निम्मी नावे मला ठाऊक नव्हती, आणि ठाऊक नसल्याचे मी कबूल केले, तेव्हा तर त्याला पंख फुटले. त्या आठवड्यात आमचा "क" कांगल्याचा झाला आणि "च" चिबडाचा. महिनाभरात तो अक्षरे जोडू लागला. त्यात माझी हुशारी काही नव्हती. तो वेळेवर मुका राहायचा थांबला इतकेच.

आता या गप्प राहण्याचे राजकारण पाहा, कारण माझ्या मते मराठी शाळांचा पट तिथे घसरतो. मूल मराठी शाळेत दोन महिने गप्प बसले की आईबाप म्हणतात, इथे काही शिकवत नाहीत. तेच मूल इंग्रजी शाळेत वर्षभर गप्प बसले तर म्हणतात, कठीण भाषा आहे, येईल हळूहळू. म्हणजे धीर धरायची तयारी आहे, पण ती फक्त इंग्रजीसाठी आहे. मराठीला आपण "आपलीच" म्हणतो आणि म्हणून ती पहिल्या दिवसापासून आली पाहिजे असे धरून चालतो. कारापूरच्या मुलाला ती कानाने ओळखीची आहे, जिभेने नाही. भजनातली, नाटकातली, दूरचित्रवाणीवरची मराठी ऐकून समजणे वेगळे आणि "मला पाणी हवे" असे स्वतः म्हणणे वेगळे. या दोहोंमधले अंतर आम्ही मराठीवाल्यांनीच कधी मोकळेपणी मान्य केले नाही. मान्य केले तर कोंकणीवाद्यांचा मुद्दा सिद्ध होईल, ही भीती. त्या भीतीची किंमत मुलांनी मोजली.

दुसऱ्या बाजूचेही डोळे उघडे आहेत असे नाही. १९९० साली शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्रादेशिक भाषांतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे धोरण आले. चर्चच्या शाळा तेव्हा कागदोपत्री कोंकणी माध्यमाच्या झाल्या. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदानाचे दार उघडले, तेव्हा भाषाप्रेमी रस्त्यावर आले. २०१२ मध्ये सरकार बदलले, पण अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचे अनुदान चालूच राहिले. आणि ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकाच्या खटल्यात सांगून टाकले की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम सरकार लादू शकत नाही, ती निवड पालकांची. बेळगावच्या वाचकांना त्या निकालाची दुसरी बाजूही ठाऊक आहे: ज्या न्यायाने कन्नडची सक्ती टळते त्याच न्यायाने मातृभाषेचा आग्रहही दुबळा होतो. या सगळ्या लढायांत कोंकणी आणि मराठी एकमेकींशी भांडत राहिल्या, आणि मुले तिसऱ्याच दारातून आत गेली. कमी पटाच्या सरकारी प्राथमिक शाळा एकत्र करण्याची चर्चा २०२२ साली गोव्यात झाली, तेव्हा त्या मराठीच्या की कोंकणीच्या, हे कोणाला विचारायचेही कारण उरले नव्हते.

कागदावर पाहू गेल्यास आजचे धोरण आमच्या बाजूचे आहे. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरण तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानते आणि घरच्या भाषेवर भर देते. गोव्यात त्याची सुरुवात २०२३-२४ पासून झाली. केंद्राने २०२१ मध्ये "विद्याप्रवेश" नावाचा पहिलीच्या आरंभीचा तीन महिन्यांचा खेळातून शिकण्याचा कार्यक्रमही तयार केला. म्हणजे पहिले सत्र हे पाठ्यपुस्तकाचे नसून तयारीचे असावे, हे सरकारने तत्त्वतः मानले आहे. पण घरच्या भाषेत शिकवा म्हटल्याने पहिलीच्या बाईला ती येईल असे थोडेच आहे? आणि कोणत्या घरची भाषा? आज माझ्या वर्गात कन्नड बोलणारी मुले आहेत, हिंदी बोलणारी आहेत. बांधकामावर आणि कारखान्यांत आलेल्या कुटुंबांची ही मुले. सरकारी मराठी शाळा बऱ्याच ठिकाणी त्यांच्यामुळे उघडी आहे, हे सत्य आम्ही सभेत सांगत नाही. त्यांची मातृभाषा मराठी नव्हे. तरी ती खेळाच्या तासाला कोंकणी आणि वर्गात मराठी अशी दोन्ही उचलतात, कारण त्यांच्या चुकांवर कोणी हसत नाही. ती तर परकीच, चुकणारच, असे सगळे धरून चालतात. आमच्या गावच्या मुलाला ही सवलत नाही.

फिलिपिन्स देशाने २०१३ च्या कायद्याने बालवर्ग ते तिसरीपर्यंत मातृभाषा हे माध्यम केले आणि २०२४ मध्ये ती सक्ती काढून घेतली. इंग्रजीवाले हे उदाहरण आनंदाने देतात. पण तिथे भाषा शेकड्याने आहेत, आणि इतक्या भाषांत पुस्तके, साहित्य आणि तयार शिक्षक पुरवणे हीच अडचण होती. आपल्याकडे अंतर एका पायरीचे आहे. लिपी एकच आहे. शिक्षक याच मातीतले आहेत. वारली मुलांमध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला जे काम केले, ते याहून कितीतरी मोठे अंतर तुडवून केले. शाळा मुलांकडे गेली, अंगणात भरली, गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणातही भरली. आपण अंगणवाडी हा शब्द तिथून घेतला आणि पहिलीचा वर्ग मात्र आहे तिथेच ठेवला.

समितीकडे माझे मागणे लहान आहे. राजभाषेचे निवेदन द्यायचे तर द्यावे, २०२५ पासून ती मागणी पुन्हा जोरात आहे आणि माझी तिला सही आहे. पण त्याबरोबर डिचोली आणि पेडणे तालुक्यांतल्या पहिलीच्या शिक्षकांना एकत्र बसवून घरचा शब्द आणि पुस्तकाचा शब्द अशी दोन बाजूंची चित्रपुस्तिका करावी. माटोळीची, नदीची, भाटातली, मासळीची. नुस्त्यांची नावे तर कोंकणीतच राहतील, त्यांना मराठी प्रतिशब्द शोधायच्या फंदात कोणी पडू नये. पहिलीच्या वर्गावर नवखा किंवा बदलीच्या वाटेवरचा शिक्षक देऊ नये, असा ठराव शिक्षण खात्याकडे पाठवावा. आणि पहिले सत्र संपेपर्यंत एकाही मुलाच्या बोलण्याला "चूक" म्हणायचे नाही, हे आम्ही शिक्षकांनी आपसात ठरवावे. त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

हा मजकूर गेल्या बैठकीत मी वाचून दाखवला. पुस्तिकेला होकार मिळाला. मुखपृष्ठावर कोणता शब्द आधी छापायचा, आंबा की आंबो, यावर चर्चा रात्री नऊपर्यंत चालली आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. त्या बैठकीला पहिलीतल्या दोन-तीन आयांना बोलवावे, अशी सूचना मी लिहून दिली आहे.